दुसरा मॉनिटर आला. त्याची जागा कोण ठरवणार?

मा. संपादक,
स.न.

मान धरणे, खांदा भरून येणे, डोळे चुरचुरणे या संगणकावर काम करणाऱ्यांच्या तक्रारींवर वृत्तपत्रांच्या आरोग्यपुरवण्यांत वारंवार लेख येतात. त्यांत मानेचे व्यायाम असतात, चांगल्या खुर्चीची शिफारस असते. दोन्ही उपयोगाचे आहे. पण आता अनेक टेबलांवर दोन मॉनिटर दिसतात आणि ते कुठे, किती अंतरावर, कोणत्या कोनात ठेवायचे याबद्दल या लेखांत अवाक्षर नसते. मान वळते ती मॉनिटरमुळे आणि बदलली जाते खुर्ची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून हे पत्र, जरा लांबलेले.

कार्यालयांत होते ते असे. खरेदी विभाग संख्या ठरवतो, आयटीवाले केबल जिथवर पोहोचते तिथे मॉनिटर ठेवून जातात आणि बसणारा माणूस महिनोन्‌महिने ती जागा बदलत नाही. मॉनिटर मोठा किती, महागडा किती, याची चर्चा होते. कोणत्या मॉनिटरकडे किती वेळ पाहिले जाते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. सगळी मांडणी खरे तर त्याच एका उत्तरावर अवलंबून असते.

हे उत्तर अंदाजाने देऊ नये, अंदाज हमखास चुकतो. नेहमीच्या कामाच्या दिवशी दर दहा मिनिटांनी आपण डाव्या मॉनिटरकडे पाहतो आहोत की उजव्या, एवढीच खूण कागदावर करावी. दोन-तीन तासांत चित्र स्पष्ट होते. दहांतल्या सात किंवा अधिक खुणा एकाच मॉनिटरच्या असतील तर तो मुख्य, दुसरा दुय्यम. खुणा जवळपास सारख्या असतील तरच दोघांना समान मान द्यावा. बहुतेक जण आपण दोन्ही सारखेच वापरतो असे सांगतात आणि खुणा मोजल्या की एकाचे पारडे स्पष्ट जड निघते.

आता मोजमाप. २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. उंच असतो, २७ इंची सुमारे ६० सें.मी. रुंद आणि ३४ सें.मी. उंच. दोन २४ इंची मॉनिटर सरळ रेषेत, सांधा नाकासमोर ठेवून, ६५ सें.मी. अंतरावर मांडले तर बाहेरची कड मधल्या रेषेपासून ३९ अंशांवर जाते. दोन २७ इंची असतील तर जवळजवळ ४३ अंशांवर. डोळे एकटे सुखाने वळतात ते दोन्ही बाजूंना साधारण १५ अंश, त्यापुढे मान सोबत येऊ लागते. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने, म्हणजे ओशाने, मॉनिटर कोणत्याही बाजूला ३५ अंशांपलीकडे नसावा असे सांगितले आहे. कोनमापक हाताशी नसला तरी चालते. हात पुढे पूर्ण ताणून मूठ धरली की मुठीची रुंदी डोळ्याला सुमारे १० अंश दिसते. नाकासमोरून बाजूला साडेतीन मुठी मोजल्या की ही हद्द कळते.

नवीन मॉनिटर आला की सर्रास तो आधीच्या मॉनिटरशेजारी खेटून ठेवला जातो. आधीचा नाकासमोर आहे तिथेच राहतो. या मांडणीत दुसऱ्या मॉनिटरचा मध्यच ३९ अंशांवर येतो आणि बाहेरची कड ५१ अंशांवर. अधूनमधून नजर टाकायला हे ठीक आहे. पण मूळ दस्तऐवज तिकडे उघडा ठेवून इकडे नोंदी करणाऱ्याची मान दिवसभर एकाच बाजूला वळत राहते. थोडा वेळ वळून परत येणे मानेला सोसते. वळलेल्या स्थितीत मिनिटभर थांबून वाचणे, तेही दर वेळी त्याच बाजूला, तिला सोसत नाही. एका बाजूचे स्नायू सतत आखडलेले राहतात आणि दुखणे मानेपासून खांद्याच्या पात्यापर्यंत उतरते. दुखरी बाजू कायम एकच असेल तर डॉक्टरकडे जाण्याआधी, किंवा गेलात तरी, दुय्यम मॉनिटर कोणत्या हाताला आहे ते पाहून घ्यावे.

उपाय वापरावर ठरतो. एक मॉनिटर मुख्य असेल तर तो बरोबर नाकासमोर. दुय्यम त्याला चिकटून, थोडा आत वळवलेला, आणि त्यावरच्या कामाच्या खिडक्या (विंडो) मुख्य मॉनिटरलगतच्या अर्ध्या भागात. बाहेरचा अर्धा भाग घड्याळ, दिनदर्शिका, क्वचित लागणाऱ्या फायली यांना द्यावा. तिकडचे काही दोन-तीन मिनिटांहून जास्त वाचायचे असेल तर मान वळवू नये, खुर्ची वळवावी. नाहीतर ती खिडकी उचलून मुख्य मॉनिटरवर आणावी. विंडोजमध्ये विंडोज कळ, शिफ्ट आणि बाणाची कळ एकदम दाबली की उघडी खिडकी एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर जाते. ही एक युक्ती हाताला बसली तरी मानेच्या बऱ्याच फेऱ्या वाचतात.

दुय्यम मॉनिटर २४ इंची असेल आणि त्यावर मुख्यतः दस्तऐवज वाचायचे असतील तर तो उभा करून पाहावा. उभा केला की रुंदी ३० सें.मी. उरते, त्याचा मध्य ३९ वरून ३३ अंशांवर येतो आणि बाहेरची कड ५१ वरून ४१ वर. उंची मात्र ५३ सें.मी. होते आणि वरचा पट्टा डोळ्यांच्या वर जातो, म्हणून वाचायचा मजकूर खालच्या दोन-तृतीयांश भागात ठेवावा. २७ इंची उभा करण्याच्या भानगडीत पडू नये, ६० सें.मी. उंची मानेला झेपत नाही. आणि उभ्या मॉनिटरवर अक्षरांच्या कडा रंगीत किंवा फाटल्यासारख्या दिसू लागल्या तर क्लिअरटाइपची, म्हणजे अक्षरांच्या कडा सफाईदार दाखवणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, जुळणी पुन्हा करून पाहावी; काही मॉनिटरवर ती पूर्ण सुधारत नाही.

दोन्ही खरोखर सारखे वापरले जात असतील तर सांधा नाकासमोर. इथे एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मॉनिटर आत वळवले की बाहेरच्या कडेचे अंतर कमी होते, पण तिचा कोन वाढतो. सरळ रेषेत ठेवले तर ६५ सें.मी.च्या मांडणीत बाहेरची कड डोळ्यापासून ८४ सें.मी. दूर असते. दोन्ही पुरते आत वळवून सगळीकडे अंतर ६५ केले तर तीच कड ३९ वरून ४८ अंशांवर जाते. म्हणजे डोळ्यांच्या फोकसचे काम हलके झाले आणि मानेचे वाढले. पुस्तकातल्या चित्रांत अर्धवर्तुळ छान दिसते, पण दोन मॉनिटरसाठी प्रत्येकी १० ते १५ अंशांचे वळण पुरते, आणि खरी सुटका दोन्ही मॉनिटर मागे सरकवण्यात आहे. ७५ सें.मी. अंतरावर सरळ ठेवलेल्या दोन २४ इंची मॉनिटरची बाहेरची कड बरोबर ३५ अंशांवर बसते. अक्षरे बारीक वाटतील तर मोठी करावीत, मॉनिटर पुढे ओढू नये.

अंतर तपासायला दोरा उत्तम. नेहमीसारखे पाठ टेकून बसावे, मोजमापासाठी म्हणून ताठ होऊ नये. दोऱ्याचे एक टोक भुवयांच्या मध्ये धरावे, सहकाऱ्याने दुसरीकडे तो मुख्य मॉनिटरच्या मध्याला टेकवून गाठ मारावी. मग त्याच दोऱ्याने उरलेल्या मॉनिटरचे मध्य आणि कडा पाहाव्यात. मध्यांतला फरक चार-पाच सें.मी.च्या आत असावा. बाहेरच्या कडेला गाठ वीतभर अलीकडे पडत असेल तर तो मॉनिटर थोडा आत वळवायचा आहे. चाळिशी ओलांडलेल्यांना हा फरक जास्त जाणवतो, कारण डोळ्याच्या भिंगाची लवचिकता तोवर बरीच कमी झालेली असते.

मॉनिटर नीट लागले आणि कीबोर्ड जुन्याच जागी राहिला, हेही नेहमीचे. धड कीबोर्डाकडे आणि डोके मॉनिटरकडे, असा पीळ दिवसभर पडतो. कीबोर्ड मध्यावर ठेवायचा म्हणजे त्याच्या चौकटीचा मध्य नव्हे. उजवीकडे आकड्यांच्या कळा असलेल्या पूर्ण कीबोर्डावर अक्षरांचा मध्य बराच डावीकडे असतो. बी अक्षराची कळ बेंबीसमोर आणि मुख्य मॉनिटरच्या मध्यासमोर यावी. तसे केले की माऊस उजवीकडे दूर फेकला जातो आणि हात कोपरापासून बाहेर पसरतो; ज्यांना आकडे फारसे लागत नाहीत त्यांनी आकड्यांविना येणारा आखूड कीबोर्ड घ्यावा, माऊस दहाएक सें.मी. आत येतो. दिवसभर आकडेच भरणाऱ्यांचे उलट: त्यांच्यासाठी आकड्यांच्या कळा हाच कीबोर्डाचा मध्य धरावा, किंवा त्या कळांचा सुटा संच घेऊन तो डाव्या हाताला ठेवण्याची सवय करावी. सवय व्हायला वेळ लागतो, कटकट होते, हे खरे.

उंचीचा नियम सोपा आहे. मजकुराची सर्वांत वरची ओळ डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, मध्य सुमारे १५ ते २० अंश खाली. बसलेल्या माणसाचे डोळे टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण ४५ ते ५५ सें.मी. वर असतात, त्यामुळे २४ इंची आडव्या मॉनिटरची खालची कड टेबलापासून १५ ते २५ सें.मी. वर येते. दोन्ही मॉनिटरच्या वरच्या कडा एका पातळीत हव्यात. एक २४ चा आणि एक २७ चा असेल तरी वरच्याच कडा जुळवाव्यात, खालच्या नव्हेत. शंका असेल तर मॉनिटर थोडा खाली ठेवणे बरे. वर पाहताना पापण्या जास्त उघडतात, डोळ्याचा ओला भाग अधिक उघडा पडतो, आणि पडद्यावर वाचताना पापण्या आधीच कमी वेळा मिटतात. चुरचुरीचे कारण अनेकदा इतके साधे असते.

हा नियम प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा लावणाऱ्यांना मात्र लागू पडत नाही आणि तिथेच तो डोळे झाकून लावला जातो. प्रोग्रेसिव्ह भिंगात वरचा भाग लांबचे पाहायला, खालचा जवळचे वाचायला, आणि ६० ते ७५ सें.मी.वरचा मॉनिटर स्पष्ट दिसतो तो मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत असला की हा पट्टा गाठण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते आणि मान मागे मोडते. वरून पाहणाऱ्याला हे चटकन दिसत नाही. बाजूने पाहिले की हनुवटी पुढे आलेली आणि मानेमागे घडी पडलेली दिसते. अशांनी मॉनिटरची वरची कड डोळ्यांपेक्षा ५ ते १० सें.मी. खाली घ्यावी आणि मॉनिटर १० ते २० अंश मागे कलता करावा. मध्यावरची ओळ हनुवटी न हलवता वाचता आली की उंची बरोबर.

दोन मॉनिटरमुळे याला आणखी एक फाटा फुटतो. प्रोग्रेसिव्ह भिंगाचा मधला पट्टा बाजूंना धूसर होत जातो, त्यामुळे डोळे तिरके करून शेजारचा मॉनिटर वाचता येत नाही, प्रत्येक वेळी संपूर्ण डोके वळवावे लागते. ज्यांना चष्मा नाही ते जे काम डोळ्यांनी करतात ते यांना मानेने करावे लागते. दिवसाचे सहा-सात तास दोन मॉनिटरवर काम असेल तर संगणकासाठी वेगळा, मधल्या अंतराचा चष्मा करून घेणे शहाणपणाचे. नेत्रतपासणीला जाताना दोऱ्याने मोजलेली अंतरे लिहून न्यावीत: मुख्य मॉनिटर, दुय्यम मॉनिटर, टेबलावरचा कागद. ‘संगणकावर काम करतो’ एवढेच सांगितले तर समोरचा ठोकळ अंतर धरतो, आणि ५० सें.मी.साठी केलेला चष्मा ७५ सें.मी.वर कामाचा नसतो. जवळचे पाहण्याची डोळ्याची ताकद ज्याला अजिबात उरलेली नाही त्याला ६५ सें.मी.साठी लांबच्या नंबरात सुमारे दीड डायॉप्टरची (चष्म्याच्या नंबराचे एकक) भर लागते. १ ला मीटरमधल्या अंतराने, म्हणजे ०.६५ ने, भागले की हा आकडा येतो. बाकीचे तपासणाऱ्यावर सोपवावे.

अक्षरांचा आकार फूटपट्टीने मोजता येतो. सुखाने वाचण्यासाठी रोमन मोठ्या अक्षराची उंची पाहण्याच्या अंतराच्या सुमारे १७० वा भाग हवी: ६५ सें.मी.ला ३.८ मि.मी., ७५ सें.मी.ला ४.४ मि.मी. देवनागरीत मात्रा, उकार आणि जोडाक्षरे वाचायची असल्याने थोडे अधिकच ठेवावे. खरी अडचण दोन वेगळ्या मॉनिटरची असते. १०८० ओळींच्या २४ इंची मॉनिटरवर एका इंचात ९२ बिंदू असतात, २७ इंची फोर-के मॉनिटरवर १६३. दोन्हीवर मोठेपणाची टक्केवारी (सेटिंगमधले ‘स्केल’) १०० ठेवली तर दुसऱ्यावरचे अक्षर निम्म्याच्या आसपास येते आणि तिकडे पाहताना धड नकळत पुढे झुकते. पहिल्यावर १०० असेल तर दुसऱ्यावर १७५ टक्के ठेवावे. १०८० ओळींच्या १४ इंची लॅपटॉपवरही बिंदूंची दाटी १५७ असते, म्हणजे तिथेही हाच आकडा जवळपास लागू. आधी अक्षरे जुळवावीत, मग अंतर ठरवावे. उलट क्रमाने केले की दोन्ही पुन्हा करावे लागते.

उजेडाचे थोडक्यात. खोलीची खिडकी मॉनिटरच्या समोर नको, मागेही नको, बाजूला हवी. पण दुसरा मॉनिटर वळवला की हे गणित बिघडते. मॉनिटर २० अंश वळवला तर त्यातले प्रतिबिंब ४० अंश सरकते, त्यामुळे मुख्य मॉनिटरवर चकाकी नसताना शेजारच्यावर संपूर्ण खिडकी उमटलेली दिसते. तपासणी सोपी: दोन्ही मॉनिटर बंद करून जागेवर बसावे आणि काळ्या काचेत काय दिसते ते पाहावे. जे दिसते तेच दिवसभर अक्षरांवर पसरलेले असते. ही तपासणी दुपारी करावी आणि दिवे लागल्यावर पुन्हा एकदा. दोन्हींचा प्रकाश जुळवताना टक्केवारीवर विसंबू नये, वेगळ्या कंपन्यांचे ५० टक्के सारखे नसतात. कोरा पांढरा दस्तऐवज दोन्हींवर पसरवावा, शेजारी पांढरा कागद धरावा आणि जो जास्त उजळ वाटेल तो कागदाइतका येईपर्यंत कमी करावा. रंगाचे तापमान दोन्हींवर ६५०० केल्विन ठेवले की एक पिवळट, एक निळसर हा प्रकारही संपतो.

मॉनिटर मागे सरकवा असे म्हणणे सोपे, पण टेबल ६० सें.मी. खोल असेल आणि मॉनिटरच्या बैठकीने (स्टँडने) २०-२५ सें.मी. खाल्ले असतील तर सरकवणार कुठे? इथे टेबलाला क्लॅम्पने बसणारा हात, म्हणजे मॉनिटर आर्म, उपयोगी पडतो. तो मागवण्याआधी चार मापे घ्यावीत. मॉनिटरच्या पाठीवरच्या भोकांचे अंतर: ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मि.मी. मॉनिटरचे बैठक काढल्यावरचे वजन: २४ इंचीचे बहुधा ३ ते ४ किलो, २७ इंचीचे ४ ते ५. टेबलाच्या फळीची जाडी आणि तिच्या मागच्या कडेखाली लोखंडी पट्टी आहे का; पट्टी असेल तर क्लॅम्प बसत नाही. आणि टेबलामागची जागा. भिंतीला चिकटवलेल्या टेबलावर आर्मचे कोपर भिंतीला अडते आणि मॉनिटर होता त्याहून पुढे येतो, म्हणजे खर्च करून काम बिघडले.

गॅस स्प्रिंगच्या, म्हणजे दाबलेल्या वायूच्या जोरावर मॉनिटर तोलणाऱ्या, आर्मला वजनाची वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. हलका मॉनिटर लावला तर तो आपोआप वर तरंगतो. बसवताना आर्म आडवा ठेवून, मॉनिटर लावलेल्या स्थितीतच अॅलन कीने (षटकोनी टोकाच्या चावीने) ताण जुळवावा: मॉनिटर खाली बसत असेल तर ताण वाढवायचा, वर जात असेल तर कमी करायचा. आर्म खाली दाबलेला असताना मॉनिटर कधीही काढू नये. वजन निघताच आर्म जोरात उसळतो आणि तोंडावर बसू शकतो. पाठीचे स्क्रू बहुतेक ठिकाणी एम-४ लागतात. लांब स्क्रू हाताने घट्ट होईना म्हणून पिळत राहिले तर आतल्या भागांना धक्का लागतो. मॉनिटरबरोबर आलेलेच वापरावेत, भोके खोलगट असतील तर मध्ये स्पेसर घालावा. भुसा दाबून केलेल्या फळीवर क्लॅम्पखाली लोखंडी चकती ठेवावी, विशेषतः दोन्ही मॉनिटर एकाच खांबावर असतील तर, कारण पुढे ताणलेल्या दोन्हींचा सगळा भार त्या तळहाताएवढ्या जागेवर येतो. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावूच नये. आणि केबल: एक-दीड मीटरच्या केबलने मॉनिटर हवा तिथे जात नाही. २ ते ३ मीटरची घ्यावी, आर्मच्या प्रत्येक सांध्याशी सैल वळसा ठेवावा. उंची बदलणाऱ्या टेबलाला तर टेबल पूर्ण वर नेऊन केबल ताणली जात नाही ना, हे पाहूनच केबल बांधाव्यात.

सेटिंगमध्येही मान वळवणारी एक गोष्ट दडलेली असते. संगणक ज्या मॉनिटरला मुख्य मानतो त्यावरच बहुतेक सूचना आणि नव्या खिडक्या उघडतात. तो नाकासमोरचा नसेल तर दर वेळी बाजूला पाहावे लागते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये समोरचा मॉनिटर मुख्य ठरवावा आणि तिथले चौकोन टेबलावरच्या मांडणीसारखे, वरच्या कडा जुळवून ओढावेत. हे केले नाही तर माऊसचा बाण सांध्यावर अडतो किंवा वर-खाली उडी मारतो, आणि तो शोधत डोके फिरते. बाण हरवत असेल तर माऊसच्या सेटिंगमध्ये कंट्रोल कळ दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ उमटण्याची सोय आहे, ती चालू करावी. बाजूच्या मॉनिटरवर लुकलुकणाऱ्या चॅटच्या सूचना बंद कराव्यात. डोळ्याच्या कडेला काही हलले की मान आपोआप तिकडे जाते, त्यात इच्छेचा प्रश्न नसतो.

लॅपटॉप दुसरा मॉनिटर म्हणून वापरताना तो बहुतेकदा मोठ्या मॉनिटरच्या बाजूला, टेबलावर सपाट उघडलेला असतो. वरची कड डोळ्यांपेक्षा वीस-पंचवीस सें.मी. खाली. फक्त नजर टाकायची असेल तर चालून जाईल. दिवसभर वाचायचा असेल तर स्टँडवर उचलावा आणि कीबोर्ड-माऊस वेगळा जोडावा. उचललेल्या लॅपटॉपच्याच कळांवर टाइप करणारेही असतात. त्यांची मान सुटते आणि मनगटे अडकतात.

तीन मॉनिटरचा हट्ट असेल तर एवढे माहीत असावे की, तीन २४ इंची ६५ सें.मी. अंतरावर आत वळवून लावले तर बाजूच्या प्रत्येकाचा मध्य ४४ अंशांच्या आसपास जातो. म्हणजे बाजूचे दोन्ही वाचण्यासाठी नाहीत, लक्ष ठेवण्यासाठी आहेत. एकावर एक ठेवण्यात वरचा मॉनिटर तसाच. त्यापेक्षा ३४ इंची रुंद मॉनिटर अनेकांना सोयीचा पडतो. रुंदी सुमारे ८० सें.मी., ७० सें.मी. अंतरावरून कडा ३० अंशांवर, मध्ये सांधा नाही. तो जड आणि पुढे वजन असलेला असतो, साध्या आर्मवर मान टाकतो, एवढे लक्षात ठेवून आर्म घ्यावा.

विश्रांतीचा नियम सर्वांना पाठ आहे: दर २० मिनिटांनी, २० फुटांवर म्हणजे ६ मीटरवर, २० सेकंद पाहावे. दोन मॉनिटरवाल्यांनी त्यात खांदे मागे घेऊन मान दोन्ही बाजूंना सावकाश वळवण्याची भर घालावी. वळण एका बाजूला अडत असेल तर मांडणी अजून चुकते आहे.

युरोपीय समुदायाने पडद्यावरच्या कामासाठी १९९० साली काढलेल्या ९०/२७०/ईईसी या निर्देशात कामाच्या प्रत्येक जागेची तपासणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तेव्हा टेबलावर एकच, तोही अवजड पडदा असे. आता तपासणीचे काम वाढले आहे. कार्यालयांना विनंती अशी की मॉनिटरच्या मागणीपत्रावर तीन रकाने वाढवावेत: कोणता मॉनिटर किती वेळ पाहिला जाणार, टेबलाची खोली किती, आणि बसणाऱ्याचा चष्मा कोणता. जिथे एकाच टेबलावर पाळीपाळीने वेगवेगळे लोक बसतात तिथे स्थिर बैठकीचे मॉनिटर देऊच नयेत. उंची, कल आणि अंतर तिन्ही हाताने बदलता येतील असेच द्यावेत आणि खुर्चीवर बसल्यावर पहिली पाच मिनिटे त्यासाठी कामाच्या वेळेतच धरावीत. टेबलाच्या कडेला ६५ आणि ७५ सें.मी.वर गाठी मारलेला दोरा टांगून ठेवला तर मोजपट्टी शोधावी लागणार नाही.

आपला,
कार्यालयीन बैठकरचनेचे काम करणारा एक वाचक